वेबपानाच्या पार्श्वभूमीचा रंग बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचटीएमएल, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात ती भाषा, नव्याने शिकणाऱ्याला पहिली हौस असते ती पान रंगवण्याची, आणि ती हौस अगदी योग्य आहे. कारण आपण लिहिलेल्या एका ओळीने संपूर्ण पानाचे रूप पालटताना पाहिले, की ही विद्या आपल्या आवाक्यातली आहे असा विश्वास बसतो. आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी मुलांना, आणि काही मोठ्यांनाही, वेबपाने करायला शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एक सूचना आधीच देतो. आज्ञांची आणि रंगांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये मात्र ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची आहेत, आणि अंकही इंग्रजी कळफलकावरचेच वापरायचे आहेत.

पूर्ण पानाची पार्श्वभूमी रंगवण्याची सर्वांत सोपी रीत कोणती?

प्रत्येक एचटीएमएल फाइलमध्ये बॉडी नावाचा टॅग (कोनी कंसांत लिहिलेली आज्ञा) असतो आणि वाचकाला पडद्यावर दिसणारा सगळा मजकूर त्याच्या पोटात असतो. या उघडणाऱ्या टॅगमध्येच स्टाइल हे ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगविषयीची जादा माहिती, लिहून रंग सांगता येतो. ती ओळ अशी दिसते :

<बॉडी स्टाइल="बॅकग्राउंड-कलर: लाइटयेलो;">

बॅकग्राउंड आणि कलर या दोन शब्दांच्या मध्ये हायफन आहे, जागा नाही. त्यानंतर कोलन येतो, मग रंगाचे नाव आणि शेवटी सेमीकोलन. फाइल जतन करून ब्राउझरमध्ये पान ताजे केले, की पांढऱ्या पानाच्या जागी फिकट पिवळे पान दिसू लागते.

जुन्या पुस्तकात आणि वहीत पार्श्वभूमीच्या रंगासाठी बीजीकलर हे ॲट्रिब्यूट दिले आहे. ते वापरावे का?

नव्या पानासाठी वापरू नये. पण त्याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे, कारण महाराष्ट्रातल्या अनेक विद्यार्थ्यांची एचटीएमएलशी पहिली ओळख याच ॲट्रिब्यूटपासून झाली आहे. अगदी सुरुवातीच्या काळात पान राखाडी पार्श्वभूमीवर दिसत असे आणि पान लिहिणाऱ्याला त्यात काही बदल करता येत नसे. १९९५ साली नेटस्केप १.१ या ब्राउझरने बॉडी टॅगमध्ये बीजीकलर लिहिण्याची सोय दिली, आणि जानेवारी १९९७ मधल्या एचटीएमएल ३.२ या प्रमाणाने तिला मान्यता दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० ने मात्र हे ॲट्रिब्यूट टाळावे असे सांगितले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल५ मध्ये ते कालबाह्य झाले.

याचे कारण असे, की मजकुराची रचना सांगणे हे एचटीएमएलचे काम आणि मजकूर कसा दिसावा हे सांगणे सीएसएस या वेगळ्या भाषेचे काम, अशी वाटणी दरम्यान झाली होती. सीएसएसची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली, बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण झाली. वर दिलेले स्टाइल ॲट्रिब्यूट एचटीएमएलचेच असले, तरी त्याच्या अवतरणचिन्हांच्या आत आपण लिहितो ती भाषा सीएसएसची असते.

आजचे ब्राउझर बीजीकलर अजूनही समजून घेतात, म्हणून जुनी पाने मोडलेली नाहीत. तरीही एक अडचण आहे, ती लक्षात ठेवावी. बीजीकलरमध्ये रंगाचे नाव चुकले तर ब्राउझर त्या चुकीच्या अक्षरांतूनच ठरावीक नियमाने कोणता तरी रंग काढतो आणि पान भलत्याच रंगात दिसते. सीएसएसमध्ये चुकीचे नाव सरळ दुर्लक्षिले जाते. शिकणाऱ्यासाठी हे दुसरे वागणे अधिक हिताचे आहे, कारण आपण सांगितलेले ब्राउझरला कळले की नाही, हे त्यात स्पष्ट दिसते.

सगळे बरोबर लिहिले आहे, तरी रंग बदलत नाही. काय चुकले असेल?

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आढळलेली चूक स्पेलिंगची आहे. शाळेत आपण ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकतो, त्यामुळे कलर लिहिताना शेवटच्या आर अक्षराआधी यू हे अक्षर आपसूक उमटते. सीएसएसला अमेरिकी स्पेलिंगच कळते : सी, ओ, एल, ओ, आर. यू आला की ती ओळ ब्राउझर सोडून देतो आणि तक्रारही करत नाही, त्यामुळे माणूस अर्धा तास भलतीकडेच शोधत बसतो. राखाडी रंगाच्या नावाला तेवढी मुभा आहे. ग्रे हे ए घालून लिहिले काय किंवा ई घालून लिहिले काय, दोन्ही चालते.

दुसरी चूक फाइलच्या नावाची. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना नाव दिले तरी शेवटी टीएक्सटी हे शेपूट जोडले जाऊ शकते, आणि विंडोज ते शेपूट एरवी दाखवत नाही. अशी फाइल ब्राउझरमध्ये उघडली की टॅग जसेच्या तसे मजकुरासारखे दिसतात. जतन करताना प्रकाराच्या जागी ‘सर्व फाइली’ निवडावे, आणि त्याच खिडकीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे याची खात्री करावी. त्यासोबत बॉडीच्या आधी येणाऱ्या हेड टॅगमध्ये मेटा टॅग लिहून त्यात कॅरसेट यूटीएफ-८ असल्याचे सांगावे, नाही तर रंग येईल पण मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतील.

तिसरी चूक मराठी कळफलक चालू राहिल्याची. मजकूर मराठीत टाइप करता करता रंगाचा आकडाही (रंग आकड्यांत कसा लिहितात ते पुढे येईल) देवनागरीत टाइप होतो, आणि डोळ्यांना तो बरोबरच वाटतो. पण ब्राउझरच्या दृष्टीने तो अंकच नसतो. ही चूक फक्त आपल्यासारख्या दोन लिप्यांत काम करणाऱ्यांना होते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा मिळत नाही.

याशिवाय रंगाच्या आकड्याआधीचे हॅश चिन्ह राहून जाणे, अवतरणचिन्ह बंद न करणे, आधीच्या ओळीचा सेमीकोलन विसरणे हे नेहमीचे आहेच. लिहिलेले सगळे खरोखर बरोबर असेल, तर ब्राउझर जुनी साठवलेली प्रत दाखवत असण्याची शक्यता असते. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबून पान नव्याने मागवावे. तरीही फरक पडला नाही, तर एफ१२ दाबून तपासणीची खिडकी उघडावी आणि बॉडी टॅग निवडावा. तेथे आपला नियम खोडलेला दिसला, तर एक तर तो चुकीचा लिहिला गेला आहे किंवा दुसऱ्या नियमाने त्याच्यावर मात केली आहे. नियम खोडलेला नसूनही रंग दिसत नसेल, तर बॉडीच्या आतला एखादा पांढरा खोका सगळे पान झाकून बसला आहे असे समजावे.

रंग टॅगमध्ये लिहावा, स्टाइल टॅगमध्ये लिहावा की वेगळ्या फाइलमध्ये?

एकच पान असेल आणि सराव करायचा असेल तर टॅगमध्ये लिहिणे पुरेसे आहे. पान थोडे वाढले की हेड टॅगमध्ये स्टाइल नावाचा वेगळा टॅग घेऊन त्यात बॉडी हे नाव, पुढे महिरपी कंस आणि कंसात नियम, असे लिहावे. पाने तीन-चार झाली की मात्र नियम वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये ठेवून प्रत्येक पानातून लिंक टॅगने तिला जोडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण मग रंग एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो.

एकाच गोष्टीविषयी सारख्या वजनाचे दोन नियम असतील, तर नंतर लिहिलेला नियम लागू होतो. आणि टॅगमध्ये थेट लिहिलेला नियम एरवी स्टाइल टॅगमधल्या आणि वेगळ्या फाइलमधल्या नियमांवर मात करतो.

रंगांची नावे किती आहेत आणि ती कोठून आली?

सुरुवातीला प्रमाणात फक्त १६ नावे होती : ब्लॅक, सिल्व्हर, ग्रे, व्हाइट, मरून, रेड, पर्पल, फ्युशा, ग्रीन, लाइम, ऑलिव्ह, येलो, नेव्ही, ब्लू, टील आणि ॲक्वा. आज मोठा वाटा आहे तो युनिक्स संगणकांवरच्या एक्स११ या खिडक्यांच्या प्रणालीतून आलेल्या नावांचा, आणि सगळी मिळून ती १४८ आहेत. आयव्हरी, लिनन, कॉर्नसिल्क, मिंटक्रीम, लॅव्हेंडर, हनीड्यू ही त्यांतली फिकट नावे पार्श्वभूमीसाठी विशेष उपयोगी पडतात.

दोन यादी एकत्र झाल्यामुळे काही विसंगती राहून गेल्या आहेत. डार्कग्रे हा रंग नावाने गडद असला, तरी प्रत्यक्षात साध्या ग्रेपेक्षा फिकट आहे, कारण ग्रे जुन्या सोळांतला आहे आणि डार्कग्रे एक्स११ मधला. म्हणून नावावर विसंबू नये, रंग डोळ्यांनी पाहावा.

यादीतले सर्वांत शेवटी आलेले नाव रिबेकापर्पल आहे. सीएसएस घडवण्यात आणि शिकवण्यात ज्यांनी आयुष्य घातले, त्या एरिक मायर यांची मुलगी रिबेका जून २०१४ मध्ये, तिच्या सहाव्या वाढदिवशीच, कर्करोगाने गेली. जांभळा हा तिचा आवडता रंग. तिच्या स्मरणार्थ हे नाव प्रमाणात घेतले गेले. मुलांना रंगांची यादी दाखवताना मी या नावाशी थांबतो आणि त्यांना हे सांगतो, कारण ही नावे आणि हे नियम माणसांनी मिळून ठरवलेले आहेत, हे त्यांना कळावे असे मला मनापासून वाटते.

हॅशनंतरच्या सहा अक्षरांचा अर्थ काय?

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून रंग घेतो, आणि प्रत्येक प्रकाशाची मात्रा ० ते २५५ या आकड्यांत सांगितली जाते. सहा अक्षरांतली पहिली दोन लाल प्रकाशाची, मधली दोन हिरव्याची आणि शेवटची दोन निळ्याची. ही मोजणी दहाच्या नव्हे तर सोळाच्या पटीत चालते. ० ते ९ हे अंक संपल्यावर १० साठी ए, ११ साठी बी असे करत १५ साठी एफ येतो.

एक रंग जवळून पाहू. हॅश, एफएफ, ९९, ३३ हा झेंडूच्या फुलाकडे झुकणारा केशरी रंग आहे. एफएफ म्हणजे १५ गुणिले १६ अधिक १५, म्हणजेच २५५. लाल प्रकाश पूर्ण. येथला ९९ म्हणजे नव्याण्णव नव्हे, तर ९ गुणिले १६ अधिक ९, म्हणजे १५३. आणि ३३ म्हणजे ५१. लाल भरपूर, हिरवा मध्यम, निळा थोडा, असे मिसळले की केशरी होतो. तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ मात्रा धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात. जोडीतली दोन्ही अक्षरे सारखी असतील तर तीनच अक्षरे लिहिली तरी चालते. वरचा केशरी एफ, ९, ३ एवढ्यातही भागतो.

मला तोच रंग हवा आहे, पण पार्श्वभूमीला शोभेल इतका फिकट. तो कसा काढावा?

यासाठी एचएसएल ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. तिच्यात पहिला आकडा रंगचक्रावरची जागा ० ते ३६० अंशांत सांगतो, दुसरा रंगाचा तजेला टक्क्यांत आणि तिसरा उजळपणा टक्क्यांत. वरचा केशरी या पद्धतीत ३० अंश, १०० टक्के, ६० टक्के असा लिहिला जातो. पहिले दोन आकडे तसेच ठेवून शेवटचा ९५ केला, की त्याच केशरीची अतिशय फिकट, डोळ्यांना न टोचणारी छटा मिळते. हेच काम हॅशच्या आकड्यांनी करायला गेले तर तिन्ही जोड्या अंदाजाने बदलाव्या लागतात.

पार्श्वभूमी बदलल्यावर अक्षरे नीट वाचता येत नाहीत. काय करावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे. पार्श्वभूमी अक्षरांसाठी असते. म्हणून बॅकग्राउंड-कलर लिहिला की त्याच नियमात अक्षरांचा कलरही लिहायचाच, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

वाचनालयाचे पहिले पान मीच केले होते. हळदीकुंकवाचे रंग मंगल म्हणून पार्श्वभूमी शुद्ध पिवळी ठेवली आणि अक्षरे शुद्ध लाल. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ते उठून दिसत होते. नंतर एक वयस्कर सभासद दुपारी अंगणात उभे राहून, फोन हाताने झाकत, तेच पान वाचायचा प्रयत्न करत होते. ‘सोमवारी बंद’ या शब्दांतला अनुस्वार त्यांना दिसतच नव्हता, आणि ‘बद’ म्हणजे काय असे त्यांनी मला विचारले. त्या दिवशी मला जे कळले ते कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. देवनागरीत अर्थ पुष्कळदा एका ठिपक्यावर किंवा एका बारीक मात्रेवर उभा असतो. अनुस्वार पुसट झाला की रंगाचा रग होतो, संताचा सत होतो आणि खंतीचे खत होते.

पार्श्वभूमी आणि अक्षरे यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो, आणि तो प्रमाणाच्या रूपात सांगतात. पांढऱ्यावर काळा हे प्रमाण २१ ला १ असते, आणि दोन्ही रंग एकच असतील तर १ ला १. वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक सूचना सांगतात, की साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल हे प्रमाण सुमारे ३.७ भरते, म्हणजे माझे पान कसोटीला उतरत नव्हते. शुद्ध लाल अक्षरे पांढऱ्यावरसुद्धा जेमतेम ४ पर्यंत जातात. आम्ही पिवळा तसाच ठेवला आणि लालऐवजी मरून घेतला. प्रमाण १० च्या वर गेले, आणि हळदीकुंकवाचा भाव होता तसाच राहिला.

मराठी मजकुरासाठी मी स्वतः ७ च्या खाली जात नाही. ती सूचनांमधली अधिक कडक पातळी आहे, पण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतले बारीक दुवे पाहता आपल्या लिपीला तेवढी मोकळीक हवी.

केशरी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छान दिसतात. ती ठेवली तर चालेल का?

गणेशोत्सवाच्या किंवा शिवजयंतीच्या पानांवर ही जोडी फार वेळा दिसते, म्हणून वेगळे उत्तर देतो. वर सांगितलेल्या केशरीवर पांढऱ्या अक्षरांचे प्रमाण सुमारे २.१ इतकेच येते, म्हणजे मोठ्या शीर्षकासाठीही ते अपुरे आहे. त्याच केशरीवर काळी अक्षरे ९.८ पर्यंत जातात आणि मरून अक्षरे ५ च्या थोडी वर. आरतीच्या वेळा, वर्गणीचा हिशेब, रक्तदान शिबिराचा पत्ता असा लोकांच्या उपयोगाचा मजकूर पांढऱ्या अक्षरांत केशरीवर लिहू नये. केशरीची हौस वरच्या पट्टीवर भागवावी आणि मजकुराखाली त्याचीच ९५ टक्के उजळ छटा घ्यावी.

हे प्रमाण मोजायचे कसे?

क्रोममध्ये अक्षरांवर उजवी कळ दाबून तपासणीची खिडकी उघडावी आणि कलरच्या नियमापुढच्या छोट्या चौकोनावर टिचकी मारावी. उघडणाऱ्या रंगपेटीतच प्रमाण लिहिलेले असते. त्याखेरीज स्वस्त फोनवर, भर उन्हात, एकदा पान वाचून पाहावे.

पानाचा एखादाच भाग रंगवायचा असेल तर?

बॅकग्राउंड-कलर ही प्रॉपर्टी, म्हणजे दिसण्याचा हा गुणधर्म, बॉडीपुरती नाही. परिच्छेद, शीर्षक, तक्त्याचा रकाना किंवा डिव्ह हा साधा खोका, कोणालाही ती लावता येते. मुळात प्रत्येक घटकाची पार्श्वभूमी पारदर्शक असते, म्हणूनच बॉडीचा रंग सगळ्यांतून आरपार दिसतो. वरच्या पट्टीसाठी डिव्ह घेतला आणि तो रंगवला, तर त्याच्या कडेने बॉडीचा रंग बारीक चौकटीसारखा उरलेला दिसतो. ब्राउझर बॉडीभोवती स्वतःहून ८ पिक्सेलची मोकळी जागा ठेवतो, तिच्यामुळे असे होते. बॉडीचा मार्जिन शून्य केला की पट्टी कडेला भिडते.

यातून एक चांगला प्रश्न एका मुलीने विचारला होता : बॉडीभोवती मोकळी जागा आहे, तर मग बॉडीचा रंग त्या मोकळ्या जागेतही कसा काय पसरतो? त्याचे उत्तर असे, की एचटीएमएल या सर्वांत बाहेरच्या टॅगला स्वतःची पार्श्वभूमी नसेल, तर ब्राउझर बॉडीची पार्श्वभूमी उचलून संपूर्ण खिडकीला लावतो. बाहेरच्या टॅगला वेगळा रंग देऊन पाहावे. लगेच बॉडीचा रंग त्याच्या खोक्यापुरता आखडतो आणि भोवती दुसरा रंग दिसतो.

दोन रंग एकमेकांत मिसळत जाणारी पार्श्वभूमी कशी करावी?

त्यासाठी लिनियर-ग्रेडियंट आहे, पण सीएसएसच्या हिशेबी ते रंगात न मोडता चित्रात मोडते. त्यामुळे ते बॅकग्राउंड-कलरमध्ये लिहिले तर काहीच घडत नाही. ते बॅकग्राउंड-इमेजमध्ये किंवा नुसत्या बॅकग्राउंडमध्ये लिहावे लागते. पानावर मजकूर थोडा असेल तर रंगांचा पट्टा अर्ध्यात संपून खाली पुन्हा सुरू झालेला दिसतो. बाहेरच्या एचटीएमएल टॅगला मिन-हाइट १०० टक्के दिली, की तो पट्टा खिडकीभर ताणला जातो.

पार्श्वभूमीला चित्र लावले तरी रंग लिहावा का?

अवश्य लिहावा. नेटवर्क मंद असलेल्या ठिकाणी चित्र उशिरा येते किंवा येतच नाही, आणि गडद चित्रावर पांढरी अक्षरे ठेवली असतील तर तोपर्यंत वाचकापुढे पांढऱ्यावर पांढरे असे कोरे पान राहते. चित्राच्या सरासरी छटेजवळचा रंग खाली दिलेला असला की मजकूर पहिल्या क्षणापासून वाचता येतो. मात्र क्रम सांभाळावा. आधी बॅकग्राउंड-कलर लिहून नंतर बॅकग्राउंड या संक्षिप्त प्रॉपर्टीत चित्र दिले, तर आधीचा रंग पुसला जातो, कारण संक्षिप्त प्रॉपर्टी न सांगितलेल्या सर्व गोष्टी मूळ स्थितीला नेऊन ठेवते.

रंग अर्धपारदर्शक केला तर अक्षरेही फिकट झाली. असे का?

ओपॅसिटी वापरली असणार. ती संपूर्ण घटकाला, आतल्या अक्षरांसकट, लागू होते. फक्त पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर आरजीबीए पद्धतीने, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या मात्रा क्रमाने देऊन, रंग लिहावा आणि चौथ्या जागी ० ते १ मधली अपारदर्शकतेची मात्रा द्यावी.

रात्री वाचणाऱ्यांसाठी गडद पार्श्वभूमी आपोआप देता येते का?

येते. वाचकाने फोनवर गडद रूप निवडले आहे का, हे सीएसएसला प्रिफर्स-कलर-स्कीम या मीडिया क्वेरीने विचारता येते, आणि उत्तर होकारार्थी असेल तेव्हाच लागू होतील असे नियम तिच्या महिरपी कंसात लिहिता येतात. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांतही ही सोय २०१९ पासून आहे. येथेही पार्श्वभूमी आणि अक्षरे यांचे रंग जोडीनेच बदलावेत. पूर्ण काळ्यावर पूर्ण पांढरी अक्षरे अनेकांना चमकून पसरल्यासारखी वाटतात. म्हणून पार्श्वभूमी गडद राखाडी आणि अक्षरे किंचित मळकट पांढरी ठेवणे मला अधिक बरे वाटते. दुवे निळे असतील तर तेही तपासावेत, कारण नेहमीचा गडद निळा अशा पार्श्वभूमीवर जवळजवळ दिसेनासा होतो.

बटण दाबल्यावर रंग बदलायचा असेल तर?

ते काम जावास्क्रिप्ट या तिसऱ्या भाषेचे आहे. डॉक्युमेंट, बॉडी, स्टाइल ही नावे टिंबांनी जोडून पुढे प्रॉपर्टीचे नाव लिहावे आणि तिला रंग द्यावा. जावास्क्रिप्टमध्ये टिंबानंतर हायफन चालत नाही, म्हणून बॅकग्राउंड-कलर हे नाव सलग लिहून त्यातला सी तेवढा मोठा करतात.

छापताना रंग का येत नाही?

शाई वाचावी म्हणून ब्राउझर पार्श्वभूमी एरवी छापत नाहीत. छापण्याच्या खिडकीत अधिक पर्याय उघडून पार्श्वभूमीच्या चौकटीत खूण केली की रंग उमटतो. पण प्रमाणपत्रासारखे पान सोडले तर मी उलट सुचवेन : गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील, तर छपाईसाठी वेगळा नियम लिहून अक्षरे काळी करावीत.

ईमेलमध्ये पाठवायच्या पत्रिकेला हेच नियम लागू होतात का?

पूर्णपणे नाहीत, आणि बीजीकलर या जुन्या ॲट्रिब्यूटला अजून काम उरले आहे ते येथेच. विंडोजवरच्या आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून ईमेल दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरले, आणि ते सीएसएसचा बराच भाग समजत नाही. काही मेलसेवा तर बॉडी टॅगच काढून टाकतात, त्यामुळे त्यावर लावलेला रंग पोहोचतच नाही. म्हणून लग्नाची किंवा संमेलनाची पत्रिका ईमेलने पाठवायची असेल, तर सगळा मजकूर पूर्ण रुंदीच्या एका तक्त्यात ठेवावा, त्या तक्त्याला बीजीकलर आणि स्टाइल अशा दोन्ही रीतींनी एकच रंग द्यावा, अक्षरांचा रंगही आतल्या रकान्यात पुन्हा लिहावा, आणि पत्रिका सर्वांना पाठवण्याआधी स्वतःच्या दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांवर पाठवून प्रत्येक फोनवर उघडून पाहावी.